उंची मोजू नका, निगा पाहा : एचओए बोर्डांवरील मराठी मंडळींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

एप्रिल-मे उजाडला की अमेरिकेतल्या आपल्या एचओएच्या, म्हणजे कॉलनीचे नियम ठरवणाऱ्या घरमालक संघटनेच्या, पाहणीची गाडी कॉलनीतून फिरते आणि आठवडाभरात पत्रे सुटतात. मजकूर साधारण ठरलेला असतो : पुढच्या अंगणातली झाडे वाढली आहेत, दहा किंवा चौदा दिवसांत काढून लॉन लावा, नाहीतर दंड सुरू होईल. एका घरमालकाने विचार करून मिल्कवीड, अ‍ॅस्टर, कोनफ्लॉवर अशी इथली रानफुले लावलेली असतात, उथळ भांड्यात पाणी ठेवलेले असते, पक्ष्यांसाठी झुडूप राखलेले असते. दुसऱ्याने वर्षभर अंगणाकडे पाहिलेलेही नसते. दोघांच्या हातात शब्दाशब्दाने सारखेच पत्र पडते.

अशी पत्रे ज्या बोर्डांच्या नावाने निघतात त्यांवर आणि घर-अंगणातले बदल मंजूर करणाऱ्या आर्किटेक्चरल कमिट्यांवर मराठी मंडळीही आहेत. नोकरी आणि घर सांभाळून, एक पैसाही न घेता तुम्ही हे काम करता याची आम्हाला जाणीव आहे. मोकळेपणाने बोलता यावे म्हणून हे पत्र मराठीत लिहीत आहोत. मागणी एकच : नियमावलीत झाडाची जात आणि उंची ठरवणारी जी कलमे आहेत ती काढा आणि त्यांच्या जागी निगेचे कलम आणा.

आधी कायद्याचे पाहू. कायदा बदलल्याचे अनेक बोर्डांना ठाऊक नसते आणि मॅनेजमेंट कंपनी जुनाच मसुदा पाठवत राहते. मेरीलँडमधल्या कोलंबिया इथे २०१७ साली एका दांपत्याला त्यांच्या एचओएने बाग काढून लॉन लावायला सांगितले. बाग स्थानिक फुलझाडांची होती आणि तिथे कीटकनाशकाचा थेंबही पडत नव्हता. दांपत्याने नकार दिला, प्रकरण न्यायालयात गेले, शेवटी तडजोड झाली आणि बहुतेक बाग वाचली. त्याच वादातून मेरीलँडच्या विधिमंडळात हाउस बिल ३२२ आले आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून कायदा लागू झाला. पावसाचे पाणी जिरवणारी बाग, मधमाश्या-फुलपाखरांची बाग, कमी पाण्याची बाग, वन्यजीवांना आसरा देणारी बाग या सगळ्यांना त्यात संरक्षण आहे. एचओए त्यांच्यावर अवाजवी बंधन घालू शकत नाही. अवाजवी म्हणजे काय तेही कायद्यातच सांगितले आहे : बागेचा खर्च बराच वाढवणारे, तिची उपयुक्तता बरीच घटवणारे किंवा लावलेल्या झाडोऱ्यात पूर्ण वा काही भाग लॉन हवेच असे सांगणारे बंधन. हा शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. ‘निम्मे अंगण तरी हिरवळ ठेवा’ असे पत्र मेरीलँडमधले बोर्ड आज पाठवत असेल तर ते कायद्याला धरून नाही.

इतर राज्यांचे कायदे एकसारखे नाहीत, आणि इथेच घरमालकांचीही गफलत होते. इलिनॉयचा २०२४ चा कायदा स्थानिक झाडांना थेट संरक्षण देतो, मात्र अंगण नीट राखलेले हवे, त्यात तण-कचरा नको आणि झाडे शेजाऱ्याच्या हद्दीत जायला नकोत. टेक्सस आणि कॅलिफोर्नियाचे कायदे पाण्याच्या टंचाईतून आले. टेक्ससमध्ये २०१३ पासून एचओएला दुष्काळात तगणारी बाग नाकारता येत नाही, पण आधी आराखडा मागता येतो. कॅलिफोर्नियात कमी पाण्याच्या झाडांना मनाई करणारे कलमच रद्दबातल ठरते. कोलोरॅडोने २०२३ मध्ये स्वतंत्र घरांच्या एचओएंना आधीच मंजूर असलेले किमान तीन आराखडे तयार ठेवायला सांगितले, हे आम्हाला सर्वांत व्यवहार्य वाटते. फ्लोरिडात ‘फ्लोरिडा-फ्रेंडली’ पद्धतीच्या बागेला एचओएची कागदपत्रे आड येऊ शकत नाहीत, आणि त्या पद्धतीच्या नऊ तत्त्वांपैकी एक वन्यजीवांना बोलावण्याचे आहे. तेव्हा टेक्ससमध्ये अर्ज करताना ‘फुलपाखरांची बाग’ म्हणण्याऐवजी ‘कमी पाण्याची बाग’ म्हणा. झाडे तीच, पण कायद्याचा आधार मिळतो.

या कायद्यांना मर्यादाही आहेत. मेरीलँडचे संरक्षण घरमालकाच्या मालकीच्या किंवा त्याच्या एकट्याच्या वापरातल्या जागेला आहे, आणि बागेची नियमित निगा राखण्याची अट त्यातच आहे. टाउनहाउससमोरची सामाईक पट्टी त्यात येत नाही, तिथे बोर्डाची परवानगी लागतेच. साइडवॉक आणि रस्ता यांच्यामधली पट्टी बहुधा शहराच्या हक्कात असते. शहराचा तणाविषयीचा नियमही वेगळा असतो. अनेक शहरांत तो आठ ते बारा इंचांचा आहे आणि एचओएविषयीच्या कायद्याने तो आपोआप रद्द होत नाही. कोपऱ्यावरच्या घराला वाहनचालकाची नजर अडणार नाही इतकी उंची राखावी लागते. या चार गोष्टी न पाहता लावलेली बाग चांगल्या कायद्यालाही वाचवता येत नाही.

आता निगा. ती मोजता येत नाही, म्हणून इंचांचा नियम सोपा वाटतो, असे बोर्डाचे म्हणणे असते. ते आम्हाला पटत नाही. लँडस्केप आर्किटेक्ट जोन नॅसॉअर यांनी १९९५ मध्येच दाखवले होते की रानासारखी दिसणारी बाग लोक स्वीकारतात, फक्त कोणीतरी तिची काळजी घेत आहे याच्या खुणा त्यांना दिसायला हव्यात. त्या खुणा दहा मिनिटांच्या पाहणीत तपासता येतात.

पहिली खूण म्हणजे कड. वाफ्याभोवती वीट, दगड किंवा चार इंच खोल पोलादी पट्टी आणि तिच्या बाहेर दीड-दोन फुटांची, कापलेल्या गवताची वा खडीची पट्टी. एवढ्यानेच वाफा मुद्दाम केलेला दिसतो. साइडवॉकवर काहीही झुकलेले नको. पुढच्या ओळीत फूट-दीड फुटाची झाडे, मागे उंच. वाफ्यातून आत जायला पायवाट. मंजुरीचा क्रमांक किंवा बागेचा प्रकार सांगणारी छोटी पाटी. नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशन १९७३ पासून घरांच्या अंगणांना वन्यजीव अधिवासाचे प्रमाणपत्र देते. अन्न, पाणी, आडोसा, पिल्ले वाढवायला जागा आणि निसर्गपूरक मशागत या त्याच्या अटी आहेत. ही पाटी कायदेशीर मंजुरी ठरत नाही, पण शेजाऱ्यांच्या निम्म्या प्रश्नांना उत्तर देते.

तक्रारी बहुधा झाडांची निवड चुकल्याने येतात. कॅनडा गोल्डनरॉड आणि साधे मिल्कवीड जमिनीखालून पसरतात, तिसऱ्या वर्षी शेजारच्या लॉनमध्ये कोंब निघतात. पुढच्या अंगणात नारिंगी फुलांचे बटरफ्लाय मिल्कवीड लावा, ते दोन-अडीच फुटांवर थांबते आणि जागा सोडत नाही. ओलसर जागेला स्वॅम्प मिल्कवीड, साधारण चार फूट. लिटल ब्लूस्टेम, प्रेअरी ड्रॉपसीड ही झुपक्याने वाढणारी गवते इतर झाडांना आधार देतात. मोकळ्या मातीवर गवतासारखे दिसणारे पेन्सिल्व्हेनिया सेज, सहा ते बारा इंचांचे. वाफ्याला खत घालू नका. इथली बरीच रानफुले हलक्या जमिनीची आहेत, सुपीक मातीत ती उंच होतात आणि जुलैच्या वादळी पावसात आडवी पडतात. मग फोटो निघतो आणि पत्र येते. अ‍ॅस्टर आणि गोल्डनरॉड मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला एक तृतीयांश ते निम्मे छाटले की फुले थोडी उशिरा येतात, पण झाड बुटके आणि भरगच्च राहते.

‘वाइल्डफ्लॉवर मिक्स’च्या पुड्या पुढच्या अंगणात टाकू नका. पहिल्या वर्षी बहुवार्षिक झाडे मुळेच वाढवतात, वर दिसते ते तण. शिवाय अनेक पुड्यांत तुमच्या भागातले नसलेले बी असते. त्याऐवजी रोपे आणा, प्लग म्हणतात ती लहान रोपे एक फुटावर एक. शंभर चौरस फुटांच्या वाफ्याला शंभर रोपे लागतात. पाच ते सात जाती घ्या आणि प्रत्येकीचे गट करा, एकेक झाड विखरू नका. जागा शरद ऋतूत तयार करा : गवत अगदी खाली कापा, त्यावर छापील शाई आणि टेप नसलेला पुठ्ठा ओला करून एकमेकांवर चढवत अंथरा, वर चार ते सहा इंच लाकडी चिपांचा थर घाला. वसंतात पुठ्ठा मऊ पडतो, त्याला भोक पाडून रोप लावता येते. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला साधारण एक इंच पाणी द्या. दुसऱ्या वर्षापासून बहुधा पावसावर भागते.

आणि एक कोपरा मल्चशिवाय, म्हणजे चिपांच्या थराशिवाय, सोडा. अमेरिकेतल्या सुमारे ७० टक्के स्थानिक मधमाश्या जमिनीत बीळ करून राहतात, तीन इंची मल्चखाली त्यांना शिरता येत नाही. उरलेल्यांपैकी अनेक जाती वाळक्या देठांच्या पोकळीत अंडी घालतात. म्हणून शरदात सगळे साफ करण्याची सक्ती नको. देठ हिवाळाभर उभे राहू द्या, वसंताच्या सुरुवातीला आठ ते चोवीस इंचांच्या वेगवेगळ्या उंचीवर कापा. नवी पालवी महिन्याभरात ते झाकून टाकते. पाने लॉनवरून उचलून वाफ्यात टाका, पण मोअरने (गवत कापायच्या यंत्राने) चुरा करू नका. झाडावरचे बरेच सुरवंट खाली उतरून पाचोळ्यातच कोष करतात.

‘लॉनने काय बिघडते’ या प्रश्नाचे उत्तर वॉशिंग्टन डीसी परिसरातल्या घरांच्या अंगणांत मिळाले आहे. तिथे केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डेझिरे नारँगो, डग टॅलमी आणि पीटर मारा यांनी कॅरोलायना चिकडीची घरटी पाहिली. ज्या अंगणांत स्थानिक झाडांचा वाटा ७० टक्क्यांच्या खाली होता तिथे या चिमुकल्या पक्ष्याची संख्या टिकण्याइतकी पिल्ले वाढत नव्हती. पिल्लांचे खाणे सुरवंट. टॅलमी यांच्या हिशेबाने एका खेपेची पिल्ले उडेपर्यंत सहा ते नऊ हजार सुरवंट लागतात. अमेरिकेच्या पूर्व भागात ओकवर पाचशेहून अधिक जातींचे सुरवंट वाढतात. कॉलनीच्या दारात ओळीने लावलेल्या, बाहेरून आणलेल्या शोभेच्या पेअरच्या झाडावर त्या मानाने जवळजवळ काहीच नाही. बर्ड फीडर टांगून ही भूक भागत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या परसात शेपू असतो. जूनमध्ये त्याच्या काडीवर नीट पाहा. मोहरीपेक्षाही लहान, फिकट पिवळे गोल अंडे एकेकटे दिसेल. आठवड्याभरात तिथे पांढरा पट्टा असलेला काळा सुरवंट, पुढे तोच हिरवा होतो, अंगावर काळे पट्टे आणि त्यांत पिवळे ठिपके. हात लावला तर डोक्यामागून नारिंगी शिंगे बाहेर काढतो, उग्र वास सोडतो. ही ब्लॅक स्वॅलोटेलची अळी. दोन जुड्या शेपू जास्त पेरला तर भाजीही होते आणि फुलपाखरूही. मिल्कवीडचेही नाते जवळचे आहे : शनिवारी मारुतीला ज्या रुईच्या पानांची माळ घालतो, ती रुई आणि मिल्कवीड एकाच कुळातली. रुईवर वाढणारे प्लेन टायगर फुलपाखरू आणि इथले मोनार्क या एकाच वंशातल्या दोन जाती. मोनार्कची अळी मिल्कवीडशिवाय दुसरे काही खात नाही. ‘नावातच वीड आहे’ म्हणून ते उपटायला लावणारे पत्र पाठवण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे.

तक्रारींचे निवारण थोडक्यात सांगतो. डासांची अंडी ते डास हा प्रवास उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांचा, म्हणून भांड्यातले पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओतून नवे भरावे. पाणी जिरवणारी बाग घराच्या पायापासून निदान दहा फूट लांब हवी, खोली चार ते आठ इंच, आणि पाणी चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत जिरले पाहिजे. करण्याआधी खड्डा खणून पाण्याने भरून पाहा. चिकणमातीत ते दोन दिवस तसेच राहिले तर ती जागा सोडा. कॉलनीत डासांसाठी फवारल्या जाणाऱ्या पायरेथ्रॉइड कीटकनाशकाने मधमाश्या आणि सुरवंटही मरतात. साचलेल्या पाण्यात बीटीआयची (डासांच्या अळ्या मारणाऱ्या जिवाणूची) गोळी टाकणे त्याहून योग्य. उंदीर येतात ते सांडलेल्या दाण्यांवर आणि उघड्या कचऱ्यावर. गोचिडांसाठी जंगलाच्या कडेला तीन फुटांची चिप किंवा खडीची पट्टी ठेवावी. शिंकांचा दोष गोल्डनरॉडला दिला जातो, पण त्याचे पराग जड आणि चिकट, ते कीटक वाहून नेतात. वाऱ्यावर उडतात ते त्याच दिवसांत फुलणाऱ्या रॅगवीडचे, आणि रॅगवीड बागेतून काढलेच पाहिजे.

नोटीस मिळालेल्या घरमालकाने गप्प बसू नये आणि चिडून मासिक वर्गणीही थांबवू नये. वर्गणी थकली की घरावर बोजा चढू शकतो आणि बागेचा वाद बाजूलाच राहतो. कोणत्या कलमाचा भंग झाला ते लेखी विचारावे, तारखेसह फोटो काढावेत, सुनावणी मागावी, पत्र पोचपावतीने पाठवावे. नवी बाग करणाऱ्याने आधी अर्ज द्यावा : मापासह आराखडा, झाडांची शास्त्रीय नावे, पूर्ण वाढीची उंची, कडेचा प्रकार आणि महिन्यानुसार निगेचे वेळापत्रक. अनेक एचओएंच्या कागदपत्रांत ठरावीक दिवसांत उत्तर न आल्यास अर्ज मंजूर समजावा असे कलम असते. ते आहे का हे पाहून ठेवावे.

बोर्डाने काय करावे? आधी कागद वेगळे करा. लॉनची सक्ती मूळ कॉव्हनंटमध्ये, म्हणजे सगळ्या घरमालकांना बांधणाऱ्या मूळ करारपत्रात, असेल तर ती बदलायला बहुधा सभासदांचे मोठे बहुमत लागते. पण प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ती डिझाइन गाइडलाइनमध्ये असते, आणि ती बोर्ड स्वतःच्या सभेत बदलू शकते. मजकूर असा ठेवता येईल :

‘पुढच्या व मागच्या अंगणात स्थानिक झाडांची बाग करता येईल. वाफ्याला स्पष्ट कड असावी. साइडवॉक, ड्राइव्हवे व शेजाऱ्याच्या हद्दीपासून दीड फुटाची पट्टी मोकळी किंवा बुटक्या झाडोऱ्याची असावी. राज्याच्या आक्रमक वनस्पतींच्या यादीतील झाडे लावू नयेत. वाळके देठ व पाने वाफ्यात वसंतापर्यंत ठेवता येतील. भंगाची नोटीस देण्यापूर्वी कमिटीच्या एका सदस्याने घरमालकाबरोबर बाग पाहावी व कमतरता लेखी नोंदवावी. दुरुस्तीसाठी किमान एक महिना द्यावा.’

एक महिना अशासाठी की जुलैच्या उन्हात हलवलेले रोप बहुधा मरते. उंच झाड हलवायचे असेल तर मुदत ऑक्टोबरपर्यंत द्या.

शेवटी सामाईक जागा, कारण तिथे बोर्डाला कोणाची परवानगी मागायची नाही. बागकामाच्या कंपनीचा करार तुमच्याच हातात आहे. नव्या करारात पाच ओळी घाला : गवत साडेतीन-चार इंचांच्या खाली कापू नये, वाफ्यांतली पाने ब्लोअरने काढू नयेत, वाफ्यांत बी उगवू न देणारे तणनाशक टाकू नये, नवी झाडे निओनिकोटिनॉइड कीटकनाशक न वापरलेल्या रोपवाटिकेतून आणावीत आणि मार्च ते जुलै झुडपे छाटू नयेत. शेवटची ओळ कायद्याशीही जोडलेली आहे. अंडी किंवा पिल्ले असलेले बहुतेक स्थानिक पक्ष्यांचे घरटे जाणूनबुजून मोडणे १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याविरुद्ध आहे, आणि हेज ट्रिमर चालवणारा कामगार घरटे पाहायला थांबत नाही. पाणी साठवणाऱ्या तळ्याच्या उतारावरचे गवत कोणाच्याच पायाखाली येत नाही, पण तिथे हंगामभर दर आठवड्याला मोअर फिरतो. पहिला वाफा तिथे करा, वर्षातून एकदाच, मार्चच्या सुरुवातीला कापा.

असे करार सहसा हिवाळ्यात नवे होतात. जानेवारीच्या सभेच्या विषयपत्रिकेवर गाइडलाइनची दुरुस्ती आणि कराराच्या या पाच ओळी हे दोन विषय घ्या. वसंताची पाहणी सुरू होण्याआधी सुधारलेला मसुदा मॅनेजमेंट कंपनीच्या हाती जाईल आणि जुने पत्र पुन्हा सुटणार नाही. आराखड्याचे नमुने, तुमच्या राज्यातल्या स्थानिक झाडांच्या याद्या किंवा अर्जाचा मसुदा हवा असेल तर तो तयार करायला आम्ही तुमच्याबरोबर बसू.

आपले,
घराभोवती स्थानिक झाडे राखणारे मराठी घरमालक